सातच्या आत

मिरचीच्या खातेवहीत, मागून चौथ्या पानावर
मी गुणतालिका उतरवायचो.
पुढून गौरी, फापडा, क्विंटल, हमाली, तोलाई.
मागून बारा संघ, जय, पराजय, बरोबरी.
मध्ये काही पानं कोरी ठेवलेली,
दोन्ही हिशेब एकमेकांना भेटू नयेत म्हणून.

आमचा संघ म्हणायचो. आमचा कशाचा?
मालक सुरतचा, कोच हरियाणाचा,
कप्तान मदुराईकडचा, त्याचं नाव घेताना
हमालांची जीभ दोनदा अडखळायची.
आमचा एकच. दिलवर पाडवी,
तळोद्याच्या वरच्या अंगाचा,
पाठीवर एकोणीस, राखीव.
सबंध हंगामात तो दिसला तो असा:
खांद्यावर टॉवेल, हातात दुसऱ्याची पाण्याची बाटली.
तरी रायकीबाई म्हणायची,
"बठेल भी चांगला दिखस."

नंदुरबारबाहेर पथारीवर डिसेंबरची थंडी,
रात्री लाल रंगसुद्धा काळा पडतो.
राखणीला आम्ही चौघं, मोबाइल एक,
विटेला टेकवून उभा केलेला.
पहिल्या आठांत सहा हरलो.
शिरीषशेठ म्हणाले, बंद करा, डेटा फुकट जातोय.
मग काय झालं कोण जाणे,
ओळीनं पाच जिंकले.
अकरावे, नववे, सातवे.
देठ खुडणाऱ्या बायका सकाळी रुमाल बांधता बांधता
मला एवढंच विचारायच्या,
"कितवा?"

सहा जणांना पुढे प्रवेश.
आम्ही सहावे, त्रेसष्ट.
मागे एकच, साठ. त्याचा सामना आमच्यानंतर.
पेन्सिलीनं मांडून दाखवलं:
जिंकलो तर प्रश्नच मिटला.
हरलो, पण सात नाहीतर त्याच्या आत,
तरी एक गुण पदरात.
भुरसिंगला पटेना.
"हारनू तरी भेटस?"
भेटतो. फक्त थोडकं हरायचं.
विडी विझेपर्यंत तो गप्प बसला.
मग म्हणाला,
"हाई आपले कोनी सांगंच नही."

शेवटच्या मिनिटाला नऊनं मागे.
कप्तान बाद, दुसरा लंगडत बाहेर,
कोचनं बाकाकडे बोट केलं.
टॉवेल खाली पडला, तेवढं आम्ही पाहिलं.
पुढचं नेटनं खाल्लं. गोल फिरत राहिलं,
फिरत राहिलं,
आणि चित्र आलं तेव्हा दिलवर पालथा,
कमरेला एक, घोट्याला एक,
नि मधल्या रेषेपलीकडे
त्याच्या बोटांची नुसती टोकं.

दोन गुण.
सातनं हरलो.

हरल्यावर एवढं कोणी ओरडलं नसेल.
शेजारच्या पथारीवरचा राखणदार काठी घेऊन धावत आला,
त्याला वाटलं, चोर.
डोळे भरले, पण हात मिरचीचे,
पुसायची सोय नाही. तसेच वाहू दिले.

मग दुसरा सामना.
ज्या संघाला दोन महिने आयाबहिणीवरून शिव्या दिल्या
त्याच्यासाठी भुरसिंगनं याहामोगीला नारळ बोलला.
त्यांच्या प्रत्येक पकडीला मांडीवर थाप आमची.
जिंकले नाहीत. हरलेही नाहीत.
बरोबरी.
चौसष्ट, त्रेसष्ट.
मी पेन्सिल ठेवली, लाल पेन काढला.

पुढच्या फेरीत पहिल्याच दिवशी बाहेर.
वीसनं. दिलवर बाकावर,
टॉवेल तोच असावा.
नारळ भुरसिंगनं फोडला तरी,
म्हणाला, बोललो होतो ते त्या दिवसाचं.

मार्चमध्ये शेठ वही तपासायला बसले.
पथारी उचललेली, जमीन नुसती तांबूस,
झाडू फिरला की अजून शिंका.
पानं उलटता उलटता मागे पोचले.
"मुनीम, हा एक कसला? लाल पेनानं?"
जमा आहे, म्हटलं.
चष्मा कपाळावर गेला.
"एक काय? क्विंटल? गोणी? आणि कोणाच्या नावे?"

नाव सांगितलं मी.
गावासकट.